ज्वारीची रास आणि विम्याचे कार्ड

आरोग्यविम्याचे कार्ड काढून देणे हे अलीकडे राजकीय कार्याचे एक अंगच होऊन बसले आहे. गावोगावी शिबिरे भरतात, मांडवाच्या तोंडाशी नेत्यांच्या तसबिरी झळकतात, अंगठ्यांचे ठसे घेतले जातात आणि सायंकाळी इतकी हजार कुटुंबे ‘सुरक्षित’ झाल्याचे जाहीर होते. सत्तारूढ पक्षांनी हा उद्योग करावा यात नवल नाही. नवल आहे ते याचे की, आपल्याच काही कार्यकर्त्यांना आता या वाटेची ओढ लागली आहे. त्यांची सूचना वरकरणी वेगळी आहे. शासनाच्या कार्डावर विसंबून न राहता प्रत्येक शाखेने, युनियनने, बचत गटाने आपापला आरोग्यनिधी उभारावा, घरटी वर्षाला काही रक्कम गोळा करावी आणि जो आजारी पडेल त्याचे बिल त्यातून भागवावे, असे ते म्हणतात. यालाच ते ‘सामुदायिक आरोग्य विमा’ असे भारदस्त नाव देतात. या सूचनेमागील तळमळ आम्हांला ठाऊक आहे. रात्री-अपरात्री ज्याचे दार शेजारी ठोठावतो, ज्याला रुग्णालयाच्या गल्ल्यावर उभे राहून हात जोडावे लागतात, तो कार्यकर्ता असेच म्हणणार. परंतु तळमळीने हिशेब बदलत नाही, आणि येथे प्रश्न हिशेबाचाच आहे.

प्रथम दुखण्याचे स्वरूप पाहू. बीडमधील ऊसतोड कामगाराचे घर घ्या. घरात म्हातारीच्या पोटात दुखू लागते. उपकेंद्रात गोळ्या मिळतात, दुखणे थांबत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात सोनोग्राफीचे यंत्र असते तर ते चालविणारा नसतो. मग जीप भाड्याने करून शहरातील खासगी दवाखाना गाठला जातो. तेथे आधी अनामत, मग तपासण्या, मग शस्त्रक्रिया. पैसे कोठून येतात? सावकार आहे, शेळ्या आहेत, बायकोच्या गळ्यातले आहे, आणि हे सारे संपले की मुकादम आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल ही आगाऊ मजुरी असते. म्हणजे म्हातारीच्या शस्त्रक्रियेचे बिल पुढच्या हंगामाच्या कोयत्यावर चढते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकाने दिवस बुडविला तरी खाडा दोघांवर. फेडता न आलेली बाकी त्यापुढच्या हंगामावर जाते आणि शाळेतले पोर टोळीबरोबर कोपीवर येते. वैद्यकीय खर्चामुळे कुटुंबे दारिद्र्यात लोटली जातात असे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. आपल्याकडे ती दारिद्र्यात आधीपासूनच आहेत. दुखण्यामुळे ती वेठीला बांधली जातात.

आणि हा पैसा देऊन त्यांच्या पदरात काय पडते, हेही पाहिले पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ‘पिशवी’ काढलेली आढळली. या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. पांढरे जाणे, पाठ दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेली बाई कर्करोगाच्या भीतीने शस्त्रक्रियेला तयार होत होती आणि तिचा खर्च उचलीतून भागत होता. या बायांकडे विम्याचे कार्ड असते तर काय झाले असते? कदाचित उचल घ्यावी लागली नसती. पिशवी मात्र गेलीच असती, आणि दवाखान्याचे बिल अधिक खात्रीने वसूल झाले असते. पैसा कोणी द्यायचा हा एक प्रश्न. पैशाने काय विकत घेतले जाते आणि त्यावर अंकुश कोणाचा, हा दुसरा. विम्याची चर्चा करणारे पहिल्यावर बोलतात आणि दुसऱ्याला बगल देतात.

आता हिशेब. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) वर्षभरात दर हजार माणसांमागे सुमारे २९ माणसे रुग्णालयात दाखल होतात; बाळंतपणे यात धरलेली नाहीत. एका वेळच्या भरतीचा रुग्णाला पडणारा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५ रुपये. समजा, आपल्या एखाद्या शाखेने पाचशे कुटुंबे गोळा केली आणि घरटी वर्षाला ३०० रुपये घेतले. दीड लाख रुपये जमले. पाचशे कुटुंबांत दोन हजारांवर माणसे, म्हणजे वर्षाला साठ तरी रुग्ण भरती होणार. ते सारे खासगी रुग्णालयात गेले तर खर्च एकोणीस लाखांच्या घरात जातो. पाचव्या रुग्णाचे बिल चुकते करण्याआधीच पेटी रिकामी होईल, आणि उरलेल्या पंचावन्न घरांत शाखेविषयी काय बोलले जाईल याची कल्पना ज्याची त्याने करावी. निधी टिकवायचा तर घरटी ३,८०० रुपये घ्यावे लागतील. इतके पैसे ज्याच्यापाशी शिल्लक असतात त्याला आपला निधी नको असतो.

हेच साठ रुग्ण सरकारी रुग्णालयात गेले तर? पावणेतीन लाखांत भागते. घरटी ५३५ रुपये. तीच माणसे, तेच आजार, तीच पेटी. फरक पडतो तो रुग्णालय कोणाचे आहे यामुळे, कारण सरकारी रुग्णालयातील इमारत, डॉक्टरचा पगार, यंत्रसामग्री यांचा भार आधीच तिजोरीने उचललेला असतो. ज्या निधीमागे सार्वजनिक रुग्णालय उभे आहे तो निधी तग धरू शकतो. ज्या निधीमागे बाजार उभा आहे तो बाजाराच्या घशात जातो. आमच्या साऱ्या म्हणण्याचे मर्म या दोन आकड्यांत आहे.

कोणी म्हणेल की सेवाग्रामला हे घडले, मग इतरत्र का घडू नये? सेवाग्रामचे उदाहरण द्यावे तितके थोडे आहे, पण ते पुरते द्यावे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने आरोग्यविमा उभा केला. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खेडी तुडविली. सुगी झाली की गावाने ज्वारीची रास करायची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक. गावातील सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबे सामील झाल्याखेरीज योजना लागू होत नसे. यातील शहाणपण पाहा. ऐच्छिक विम्यात आजाराची चाहूल लागलेला माणूस हटकून सामील होतो, धडधाकट माणूस पुढच्या वर्षी वर्गणी बुडवितो आणि निधी उत्तरोत्तर आजाऱ्यांचाच होऊन कोलमडतो. तीन चतुर्थांशांच्या अटीने हे दार बंद केले. पैशाऐवजी धान्य घेतल्याने वर्गणी अशा वेळी मागता आली की घरात काही असते. ज्याची जमीन अधिक त्याची ज्वारी अधिक, आणि खाट मात्र सर्वांना सारखी. समाजवादाचे धडे गिरवून जे आपल्याला शाखाशाखांतून जमले नाही ते तेथे खळ्यावर जमले, असे म्हणावयास आम्हांला संकोच वाटत नाही.

परंतु त्या ज्वारीने रुग्णालयाचा खर्च भागत नव्हता. ती संस्था चालते ती मुख्यत्वे केंद्र आणि राज्य शासनाच्या अनुदानावर. ज्वारी ही उपचाराची किंमत नव्हतीच. ज्वारी देणारे गाव रुग्णालयापुढे याचक म्हणून न जाता हक्कदार म्हणून जात होते, आणि रुग्णालयाचे डॉक्टर गावाला बांधील होते. आपल्या मित्रांच्या सूचनेत ज्वारी आहे. रुग्णालय कोठे आहे? जिल्ह्यातील कोणते रुग्णालय आपल्या शाखेला बांधील राहणार आहे?

शेजारच्या कर्नाटकाचा दाखलाही दिला जातो. २००३ मध्ये सुरू झालेल्या यशस्विनी योजनेत सहकारी संस्थांचे सभासद शेतकरी आरंभी वर्षाला अवघे ६० रुपये भरून मोठ्या शस्त्रक्रियांचे संरक्षण मिळवीत. लक्षावधी सभासद, म्हणून वर्गणी लहान. तरीही शासनाचे अनुदान लागलेच. २०१८ मध्ये शासनाने ही योजना गुंडाळून दुसऱ्या योजनेत मिसळली आणि २०२२ मध्ये पुन्हा जिवंत केली. लक्षावधी सभासदांची सहकारी योजना जर एका शासकीय निर्णयाने बंद आणि दुसऱ्या निर्णयाने सुरू होऊ शकते, तर पाचशे घरांच्या पेटीची काय कथा!

मग शासनाचे कार्ड काय वाईट, असा उलट प्रश्न येईल. वाईट नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. दीड लाखांचे छत्र आता पाच लाखांचे झाले आणि २०२३ च्या निर्णयाने राज्यातील सर्वच कुटुंबांना ते देऊ केले गेले. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांसाठी ज्या घरांना हे कार्ड उपयोगी पडले त्यांना ‘ही भांडवलदारांची योजना आहे’ असे सांगत फिरणे हा उद्धटपणा होईल. आपल्या कार्यकर्त्यांनी तो कटाक्षाने टाळावा. रुग्णाला कार्ड मिळवून देणे, ते न मानणाऱ्या रुग्णालयाशी भांडणे, हे काम करावेच लागेल.

पण कार्डाबाहेर काय राहिले तेही सांगावे लागेल. हे कार्ड चालते ते भरती झालेल्या रुग्णाला, ठरावीक यादीतील उपचारांसाठी, यादीतील रुग्णालयात. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, दर महिन्याची तपासणी, मुलाचा ताप, म्हातारीचा दमा यांना ते उपयोगी नाही. गरिबाचे घर एका मोठ्या शस्त्रक्रियेने जसे बसते तसेच महिन्याकाठी औषधाच्या दुकानात जाणाऱ्या पाचशे-सातशे रुपयांनीही खंगत जाते. फरक इतकाच की या खंगण्याची वर्तमानपत्रात बातमी होत नाही. गोळी परवडत नाही म्हणून रक्तदाब सोडून दिलेला माणूस पाच वर्षांनी अर्धांगाने किंवा मूत्रपिंड निकामी होऊन रुग्णालयात येतो, तेव्हा मात्र कार्ड त्याचे स्वागत करते! आणि यादीतील रुग्णालयाला त्याचे पैसे मिळतात. केंद्राच्या आयुष्मान योजनेविषयी महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल ज्यांनी वाचला त्यांना या व्यवहाराची दुसरी बाजूही ठाऊक असेल. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकावर नोंदलेले, आणि मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांवर पुढेही उपचार झाल्याचे दावे. मृतांवर उपचार करण्याची ही विद्या आमच्या सरकारी डॉक्टरांना अजून साधलेली नाही.

शासनकर्ते यावर एक आकडा पुढे करतात. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. आकडा शासनाच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला आहे आणि सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु इतके होऊनही दर शंभर रुपयांतील चाळीस रुपये लोक आजही पदरचे घालतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, तेही करोनाच्या संकटकाळात, तो १.८४ टक्के होता. १९४६ मध्ये भोर समितीने लिहून ठेवले की, पैसे देता येत नाहीत एवढ्या कारणाने कोणीही पुरेशा वैद्यकीय उपचारांपासून वंचित राहू नये. ती समिती काही समाजवाद्यांची नव्हती. ब्रिटिश सरकारने नेमली होती.

महाराष्ट्राने २०२३ च्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले, केसपेपरचे पैसेही घेणे बंद केले. या निर्णयाचे स्वागत आम्ही तेव्हाही केले असते आणि आजही करतो. दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा अर्भके होती. औषधे, परिचारिका, खाटा यांच्या तुटवड्याची चर्चा पंधरा दिवस चालली आणि थांबली. ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, आरोग्य खात्याचे नव्हे, असा खुलासा करता येईल. अर्भकांच्या आयांना तो कोणी जाऊन सांगितला किंवा कसे, हे आम्हांला माहीत नाही. फुकट केसपेपर हातात आणि ‘औषध बाहेरून आणा’ ही चिठ्ठी त्यामागे जोडलेली, हे दृश्य ज्यांनी रोज पाहिले आहे त्यांना निःशुल्क या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

खासगी रुग्णालयांच्या दरांना हात लावता येत नाही, असे सांगितले जाते. हे असत्य आहे, आणि याच राज्याने ते असत्य ठरविले आहे. २०२० च्या मे महिन्यात शासनाने खासगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता कक्षात ७,५००, कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,०००. लबाड्या झाल्या, वेगळी बिले लावली गेली. तरीही ज्यांनी लेखी तक्रारी केल्या त्यांतील अनेकांचे पैसे परत मिळाले. साथ ओसरली आणि दरबंदीही ओसरली. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्यात, एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णनिधीत टाकावी, ही योजना तर उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. आपल्या किती शाखांनी आपल्या शहरातील रुग्णालयात जाऊन तो फलक आहे की नाही हे पाहिले? गरिबांकडून तीनशे रुपये मागण्यापूर्वी करण्याजोगे हे काम नव्हते काय?

येथे इतिहासाची एक आठवण उपयोगी पडेल. साउथ वेल्समधील ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावात १८९० पासून कामगारांची वैद्यकीय साहाय्य संस्था होती. पगारातील दर पौंडामागे काही पेन्स कामगार तीत भरत आणि डॉक्टर, दवाखाना, औषध सर्व कुटुंबाला मिळे. त्या गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन याने तेथील रुग्णालयाच्या समितीवर काम केले होते. १९४५ मध्ये तो आरोग्यमंत्री झाला तेव्हा गावोगावच्या कामगारांनी अशाच पेट्या काढाव्यात असा उपदेश त्याने केला नाही. ५ जुलै १९४८ रोजी त्याने सबंध देशाची आरोग्यसेवा तिजोरीच्या खर्चावर उभी केली. खाणमालकाच्या करातूनही ती चालू लागली. त्याच वर्षी आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा झाला. त्यात मालकाने वाटा उचलायचा (२०१९ पासून तो वेतनाच्या सव्वातीन टक्के आहे, कामगाराचा पाऊण टक्का) हे तत्त्व आले. पण संघटित कामगारांपुरतेच. आणि त्यातूनही हंगामी कारखाने वगळले गेले. हंगामी म्हणजे कोणते, याची यादी कायद्यातच आहे. तीत साखर कारखाना आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुना कायदा पोटात घेतला आणि हंगामी कारखाना पुन्हा बाहेरच ठेवला.

म्हणजे ज्या कोयत्यावर शस्त्रक्रियेचे बिल चढते, त्या कोयत्याच्या घामावर चालणारा कारखाना या आजाराशी आपला काही संबंध नाही असे कायद्याच्या आधाराने म्हणू शकतो. तो तोडणीवाल्याला आपला कामगारच मानत नाही. मुकादमाकडे बोट दाखवितो. मालक रोज बदलतो म्हणून हमालाला कोणी वाली नाही, असेच एकेकाळी म्हटले जात होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, मजुरीवर लेव्ही बसविली आणि अनेक मालकांना मिळून एक जबाबदारी घ्यावयास लावली. ती काही कोणाच्या दयेने झाली नाही. साखर धंद्यात हे अशक्य कसे? गाळलेल्या टनामागे रक्कम घेऊन ऊसतोड कामगारांचे कल्याण करण्याचे तत्त्व राज्य शासनाने महामंडळ स्थापून मान्य केलेलेच आहे. त्या रकमेतून तळावर फिरता दवाखाना किती हंगाम आला, हे आता तोडणी कामगारांनीच विचारावयाचे आहे.

तोवर आजाऱ्याने काय करावे, हा प्रश्न आम्ही टाळीत नाही. शाखेने पेटी ठेवावी, परंतु तिला विमा म्हणू नये. जीपचे भाडे, रुग्णाजवळ बसणाऱ्याची भाकरी, चार दिवसांचे औषध एवढ्यासाठी ती असावी आणि तेवढेच वचन द्यावे. जे वचन पाळता येणार नाही ते दिल्याने चळवळीची पत जाते, आणि ती पैशाच्या पेटीहून दुर्मीळ आहे. त्या पेटीशेजारी एक वही असावी. कोणता रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या रुग्णालयातून परत पाठविला गेला, कोणते औषध बाहेरून आणावयास लावले, कोणाचे कार्ड नाकारले, याची नोंद तारखेनिशी व्हावी. ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत ती वही वाचली जावी. आपल्या मित्रांनी घरटी तीनशे रुपये गोळा करण्यासाठी जितकी दारे ठोठावण्याची तयारी केली आहे, तितकीच दारे या नोंदींसाठी ठोठावली तर जिल्हा शल्यचिकित्सकांना उत्तर द्यावे लागेल.

ऊसतोड कामगारांच्या मजुरीचा नवा करार साखर संघाशी जेव्हा होईल, तेव्हा मागणीपत्रात दरवाढीच्या आणि मुकादमाच्या कमिशनच्या कलमांबरोबर टनामागे आरोग्याची लेव्ही, तळावरचा दवाखाना आणि आजारपणाचा खाडा माफ, ही कलमे घातली जाणार की नाहीत, याचा निर्णय आपल्या युनियनांना आताच करावा लागेल. गेल्या वेळच्या मागणीपत्रांत दरवाढ होती, कमिशन होते. आजारपण नव्हते.